राजाचा मेहुणा आणि नकार देणारा नोकर

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर साहित्य शिकवलं. जुने ग्रंथ परीक्षेपुरते वाचू नका, नागरिक म्हणून जगण्यासाठी वाचा, हा त्यांचा आग्रह इथल्या कित्येकांनी त्यांच्या वर्गात बसून ऐकला आहे. त्यांच्या नावाने बोलायचं तर त्या आग्रहाशी प्रामाणिक राहावं, एवढ्यासाठी मी आजचा विषय घेतला: अभिजात साहित्यातील सत्ता आणि भ्रष्टता.

सत्तेने बिघडलेला माणूस म्हटलं की आपल्यापुढे दुर्योधन येतो, मॅकबेथ येतो, म्हणजे सिंहासनावर बसलेला किंवा त्यासाठी रक्त सांडणारा माणूस. पण हे ग्रंथ सावकाश वाचले की दिसतं, लेखकांची नजर सिंहासनावर फार वेळ थांबत नाही. ती आजूबाजूला फिरते. राजाचे नातेवाईक, कोतवाल, न्यायाधीश, शिपाई, सभेत बसलेले मान्यवर, दारातला नोकर यांच्यावर ती रेंगाळते. आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. भ्रष्टता राजापेक्षा राजाच्या परिसरात जास्त राहते, उसन्या अधिकारावर आणि आसपासच्यांच्या संमतीवर जगते. आणि ती जेव्हा अडते, तेव्हाही त्याच परिसरात, कुणा एकाच्या नकारापाशी अडते.

१

सुरुवात एका ओळखीच्या नाटकापासून करू. 'शाकुंतल' म्हटलं की आपल्याला कण्वाचा आश्रम आठवतो, शकुंतलेची पाठवणी आठवते. सहाव्या अंकाच्या आरंभीचा छोटा प्रवेश मात्र आपण घाईने ओलांडतो. एका कोळ्याला माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडली आहे. दोन शिपायांनी त्याच्या मुसक्या बांधल्या आहेत. शिपाई त्याला मारतात, त्याच्या धंद्याची हेटाळणी करतात, त्याचा वध करायला हात शिवशिवताहेत असं उघड बोलतात. चौकशी व्हायची आहे, पण शिपायांच्या लेखी निकाल लागलेला आहे. मग राजाकडून निरोप येतो: कोळ्याला सोडा, आणि अंगठीच्या किमतीइतकं बक्षीस द्या. आता शिपाई त्याच्या हातातल्या पैशाकडे आशाळभूतपणे बघू लागतात. कोळी काय ते समजतो आणि अर्धी रक्कम फुलांसाठी म्हणून त्यांच्या हातावर ठेवतो. क्षणापूर्वी ज्याचा जीव घ्यायचा होता तो जिवलग मित्र ठरतो, आणि सगळे मिळून दारूच्या गुत्त्याकडे निघतात.

या शिपायांचा वरिष्ठ, नगराचा कोतवाल, नात्याने राजाचा मेहुणा आहे. कालिदास या प्रवेशात त्याचं नावही घेत नाही, त्याचं नातं हीच त्याची ओळख. दुष्यंत या प्रवेशात रंगमंचावर नाही. तो न्यायी राजा आहे, त्याने दिलेलं बक्षीसही उदार आहे. तरी त्या बक्षिसाचा अर्धा भाग राजवाड्यापासून रस्त्यापर्यंत येईतो गळून गेला. राजा चांगला असूनही राज्य रस्त्यावरच्या माणसाला कसं भेटतं, हे कालिदासाने शृंगाराच्या नाटकात, दोन पानांत सांगून टाकलं.

हा मेहुणा एकटा नाही. महाभारताच्या विराटपर्वात कीचक आहे, राणी सुदेष्णेचा भाऊ, विराट राजाचा मेहुणा आणि सेनापती. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त शकार आहे. त्याची बहीण राजा पालकाची रखेल, आणि तेवढ्या भांडवलावर तो अख्खी उज्जयिनी वेठीला धरतो. तिघांमध्ये समान काय आहे, ते पाहा. तिघांचाही अधिकार एका स्त्रीच्या नात्यातून आलेला आहे आणि, कोतवाल सोडला तर, तो अधिकार वापरला जातो तोही एका स्त्रीवरच. कीचक सैरंध्री झालेल्या द्रौपदीच्या मागे लागतो, शकार वसंतसेनेच्या. एका बहिणीच्या शय्येतून मिळालेली सत्ता दुसऱ्या बाईच्या गळ्याशी जाते. सत्तेच्या भ्रष्टतेची किंमत आधी कोण मोजतं, हे या ग्रंथांनी फार स्पष्ट लिहून ठेवलं आहे. आपण ते वाचलं नाही, ही आपल्या वाचनातली उणीव आहे.

२

'मृच्छकटिका'पाशी मला थोडं थांबायचं आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणलं, त्यामुळे चारुदत्त आणि वसंतसेना आपल्या घरची माणसं झाली. पण या नाटकाचा नववा अंक, न्यायालयाचा, आजही प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे.

आठव्या अंकात शकाराने वसंतसेनेचा गळा दाबला आहे. ती मेली असं समजून तो न्यायालयात येतो, आणि खून चारुदत्ताने केला अशी फिर्याद देतो. न्यायाधीश त्याला ओळखून आहे. तो निरोप देतो की आज तुमचं प्रकरण ऐकता येणार नाही. शकार भडकतो. राजा माझा मेहुणा आहे, त्याला सांगून तुला काढून टाकीन आणि तुझ्या जागी दुसरा आणीन, असं तो भर न्यायालयात म्हणतो. न्यायाधीश क्षणभर विचार करतो आणि निरोप बदलतो. बोलवा त्यांना, प्रकरण आजच ऐकू.

सगळं त्या एका क्षणात घडून गेलं आहे. त्यानंतर न्यायाधीश काही वाईट करत नाही. चारुदत्ताला तो आदराने आसन देतो. हा माणूस असं करणार नाही, हे त्याला पटलेलं आहे आणि तो ते बोलूनही दाखवतो. पुरावा मात्र एकेक करून चारुदत्ताच्या विरुद्ध जात राहतो, आणि त्याचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने खाली पडतात तेव्हा सगळंच संपतं. न्यायाधीश निर्णय लिहितो, ब्राह्मणाला देहदंड नको, हद्दपार करावं अशी शिफारस करतो आणि सांगतो की निर्णय देणं आमच्या हाती, पुढचं राजाकडे. राजा शिफारस फेटाळतो आणि सुळाची आज्ञा देतो.

या न्यायाधीशाने पैसे घेतले नाहीत. खोटा पुरावा तयार केला नाही. शिफारसही दयाळूपणे केली. कुठल्याही चौकशी समितीला त्याच्या वागण्यात बोट ठेवायला जागा सापडणार नाही. तरी एक निरपराध माणूस सुळाकडे चालला आहे, कारण सकाळी एका धमकीपुढे या माणसाने आपला पहिला शब्द मागे घेतला. लाच घेणारा अधिकारी शूद्रकाला सहज रंगवता आला असता. त्याने सभ्य, सुशिक्षित, मनाने चांगला अधिकारी रंगवला. म्हणून हे नाटक आपल्याला इतकं जवळून लागतं. आपल्यातले बहुतेक लोक शकार नसतात. त्या न्यायाधीशाच्या जागी मात्र आपण पुष्कळदा असतो.

राज्यव्यवहाराचे शास्त्र लिहिणाऱ्या कौटिल्याला ही माणसं ठाऊक होती. सरकारी धन खाण्याचे चाळीस प्रकार त्याने मोजले आहेत. आधी वसूल झालेलं नंतर दाखवणं, एका खात्यातलं दुसऱ्या खात्यात घालणं, वजनमापात फरक ठेवणं, असे ते सगळे हिशेबातले मार्ग आहेत. अपहार उघड करणाऱ्याला त्या रकमेचा सहावा हिस्सा द्यावा, आणि उघड करणारा नोकर असेल तर बारावा, असंही तो सांगतो. शास्त्रकाराने भ्रष्टता खतावणीत शोधली आणि तिच्यावर बक्षिसाचा उपाय सुचवला. ते आवश्यकच होतं. पण न्यायाधीशाने मागे घेतलेला शब्द कुठल्या खतावणीत सापडणार? तो टिपायला नाटककारच हवा होता.

३

आता त्याच नाटकातला दुसरा माणूस. त्याचं नाव स्थावरक. हा शकाराचा गाडीवान आणि दास. आठव्या अंकात शकार आधी आपल्या विटाला, म्हणजे रंगेल सोबत्याला, सांगतो, या वसंतसेनेला मारून टाक, इथे कोण बघतंय? विट नकार देतो. दहा दिशा, सूर्य, चंद्र, माझा अंतरात्मा हे सगळे बघताहेत, असं त्याचं उत्तर आहे. मग शकार स्थावरकाकडे वळतो. सोन्याची कडी देईन, सोन्याचं आसन देईन, सगळ्या नोकरांचा मुख्य करीन, असं एकेक आमिष दाखवतो. स्थावरक प्रत्येकाला हो म्हणतो. खुनाचं नाव निघताच मात्र नाही म्हणतो. मालकाची सत्ता माझ्या शरीरावर आहे, माझ्या शीलावर नाही, अशा आशयाचं तो बोलतो. शकार त्याला मारतो. तो मार खातो, पण शब्द बदलत नाही.

न्यायाधीशाच्या आणि स्थावरकाच्या जागा शेजारी ठेवून पाहा. एकाकडे पद आहे, विद्या आहे, समाजात मान आहे. दुसरा जन्मापासूनच दास आहे, त्याचं स्वतःचं असं काही नाही, जीवसुद्धा मालकाचा. धमकी दोघांनाही एकाच माणसाने दिली. पदाचा माणूस वाकला आणि दास उभा राहिला. गरीब सगळे शूर आणि पदस्थ सगळे भित्रे, असा स्वस्त निष्कर्ष शूद्रक काढत नाही. विटही काही दास नाही, आणि तो शकाराला सोडून राजा पालकाविरुद्धच्या बंडखोरांना जाऊन मिळतो. शूद्रक एवढंच दाखवतो की नकार देण्याची ताकद पदाबरोबर येत नाही आणि पद नसल्यामुळे जातही नाही.

आणखी एक गोष्ट तो प्रामाणिकपणे दाखवतो: नकार पुरेसा ठरत नाही. विट आणि स्थावरक दोघांना युक्तीने दूर पाठवून शकार स्वतःच्या हाताने वसंतसेनेचा गळा दाबतो, आणि स्थावरकाला वाड्यात बेड्या घालून डांबतो. दहाव्या अंकात चारुदत्ताला वधस्थानाकडे नेतात, तेव्हा स्थावरक बेड्यांसकट खिडकीतून खाली उडी टाकतो आणि ओरडून खरं सांगतो. शकार गुपचूप त्याच्या हातात सोन्याचं कडं देतो: घे, आणि फिरव शब्द. स्थावरक ते कडं सगळ्यांना दाखवतो, ही बघा लाच. शकार कडं हिसकावतो आणि म्हणतो, हेच ते चोरलेलं सोनं, यासाठीच मी याला डांबलं होतं. आणि लोक शकाराचंच खरं मानतात. दासाचा शब्द आणि राजाच्या मेहुण्याचा शब्द यांत लोकांनी कुणाचा धरला, हे वाचताना आजही गळा दाटून येतो आणि संतापही येतो.

तरीही तो वेळ वाया गेला नाही. स्थावरकाचं ओरडणं, वध करणाऱ्या चांडाळांचं आज कुणाची पाळी यावरून रेंगाळणं, या सगळ्या विलंबात वसंतसेना जिवंत येऊन पोचते आणि पालकाचं राज्यही उलथतं. शेवटी दास मुक्त होतो. शूद्रकाची राजकीय समज मला इथे फार खोल वाटते. एका माणसाच्या नकाराने अन्याय थांबत नसेल, पण त्याला उशीर होतो, आणि त्या उशिरात दुसऱ्या कुणाला तरी येऊन पोचता येतं.

हजाराहून अधिक वर्षांनंतर शेक्सपिअरला हाच माणूस दिसला. 'किंग लिअर'मध्ये कॉर्नवॉल म्हाताऱ्या ग्लॉस्टरचे डोळे काढतो. एक डोळा गेला आहे, दुसऱ्याकडे तो वळतो, तेव्हा त्याचाच एक नोकर आडवा येतो. लहानपणापासून तुमची चाकरी केली, पण आता तुम्हाला थांबवतो आहे यापेक्षा मोठी चाकरी कधी केली नाही, असं तो मालकाला सांगतो. दोघांची तलवार जुंपते. कॉर्नवॉलची बायको रेगन मागून येऊन नोकराला ठार करते. ग्लॉस्टरचा दुसरा डोळाही जातो. पण नोकराच्या वाराने कॉर्नवॉल मरतो, आणि पुढचं सगळं राजकारण बदलतं. या माणसाला नाटकात नाव नाही. पात्रयादीत तो पहिला नोकर आहे, एवढंच.

४

नकार देणारे इतके थोडे, तर बाकीच्यांचं काय? याचं उत्तर महाभारताने सभापर्वात दिलं आहे.

द्यूतात हरलेल्या द्रौपदीला सभेत ओढून आणलं आहे. ती दयेची भीक मागत नाही, कायद्याचा प्रश्न विचारते: जो आधी स्वतःला हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का? सभेत भीष्म आहेत, द्रोण आहेत, कृप आहेत. भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला उत्तर देता येत नाही. बोलतो तो विकर्ण, कौरवांमधला एक धाकटा भाऊ. ती जिंकली गेलेली नाही, असं तो भर सभेत सांगतो आणि कर्ण त्याला गप्प करतो.

विदुर मात्र सभेला एक जुनी गोष्ट सांगतो, प्रल्हाद, विरोचन आणि सुधन्वा यांची. तिच्यात कश्यपाने पापाची वाटणी सांगितली आहे. निंद्य कृत्याची सभेत निंदा झाली नाही, तर त्या पापाचा अर्धा भाग सभेच्या प्रमुखाकडे जातो, एक चतुर्थांश करणाऱ्याकडे आणि उरलेला एक चतुर्थांश गप्प बसलेल्या सभासदांकडे. हिशेब नीट पाहा. वस्त्राला हात घालणाऱ्याचा वाटा आणि खाली मान घालून बसलेल्यांचा वाटा सारखाच आहे. आणि ज्याच्या अध्यक्षतेखाली हे घडलं, त्याचा वाटा या दोघांपैकी प्रत्येकाच्या दुप्पट. सत्ता आणि जबाबदारी यांचं इतकं नेमकं गणित मला दुसऱ्या कुठल्या ग्रंथात भेटलेलं नाही.

ही सभा पुन्हा भरते. विराटनगरात कीचक द्रौपदीला राजसभेत लाथ मारतो. ती राजाला जाब विचारते. विराटाचं उत्तर असं की तुमचं भांडण माझ्या डोळ्यांआड झालं, मी न्याय कसा करू? लाथ त्याच्या डोळ्यांसमोर मारली गेली होती. सेनापती असलेल्या मेहुण्याशिवाय आपलं राज्य टिकत नाही, हे त्याला माहीत होतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये 'कीचकवध' रंगभूमीवर आणलं, तेव्हा मराठी प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि ते सगळं तत्काळ कळलं. सरकारलाही कळलं. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. हजारो वर्षांपूर्वीच्या सभेचं वर्णन साम्राज्याला असह्य झालं, ही त्या वर्णनाच्या खरेपणाला मिळालेली पावतीच होती.

५

गप्प बसण्यामागे भीती असते, हे उघड आहे. भीती पुढे काय काय घडवते, ते रशियाच्या निकोलाय गोगोलने दाखवलं. १८३६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याचं नाटक झालं, राजधानीतून येणाऱ्या तपासनिसाचं. त्यावरून पु. ल. देशपांड्यांनी 'अंमलदार' लिहिलं, त्यामुळे गोष्ट आपल्या परिचयाची आहे. एका आडगावात कुणकुण लागते की तपासनीस वेषांतर करून येतो आहे. खानावळीत उधारीवर राहिलेला एक फुटकळ कारकून लोकांना तोच वाटतो. त्याच्याकडे काडीचा अधिकार नाही. गावातल्या प्रत्येकाला स्वतःचे गुन्हे माहीत आहेत, आणि त्या भीतीतूनच त्याला अधिकार मिळतो. गावचा न्यायाधीश शिकारी कुत्र्यांच्या पिल्लांची लाच घेतो आणि पिल्लं म्हणजे काही लाच नव्हे, असं त्याने स्वतःला पटवलं आहे.

या नाटकातली सगळ्यांत दुःखद जागा चौथ्या अंकात आहे. नगरप्रमुखाने नागवलेले व्यापारी तपासनिसाकडे गाऱ्हाणं घेऊन येतात. गाऱ्हाणं खरं आहे. आणि येताना ते दारूच्या बाटल्या आणि साखर घेऊन येतात. लाचेविरुद्धची तक्रारसुद्धा लाच देऊनच करायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलं आहे. शाकुंतलातल्या कोळ्यानेही न मागता अर्धे पैसे काढून दिले होते. भ्रष्टता पूर्ण मुरते ती इथे, जेव्हा तिने छळलेला माणूसही तिच्याच रीतीने न्याय मागतो.

६

आपल्या मातीतलं एक नाटक घेऊन मी शेवटाकडे येतो. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली पहिल्यांदा सादर झालं. पेशवाईत कोतवालीवर असलेला घाशीराम १७९१ मध्ये लोकांच्या हातून मारला गेला, हा इतिहास. तेंडुलकरांनी त्यातून सत्तेचं यंत्र उभं केलं. अपमानित झालेला घाशीराम आपली मुलगी गौरी नाना फडणवीसाला देतो आणि बदल्यात कोतवाली मिळवतो. पुन्हा तेच: एका स्त्रीच्या देहावरून चालत आलेला अधिकार. नानाचा हिशेब सरळ आहे. अत्याचार होतील ते घाशीरामच्या नावावर पडतील. लोक खवळतात, नाना एका आज्ञेने घाशीरामला त्यांच्या स्वाधीन करतो आणि वर उत्सवही जाहीर करतो. इथे विदुराची वाटणी उलटी झालेली आहे. पापाचा अर्धा वाटा ज्याचा, तो पूर्ण मोकळा सुटतो.

पण या नाटकाचं सर्वांत मोठं विधान शब्दांत नाही. ते रंगमंचावरच्या माणसांच्या भिंतीत आहे. पुण्याचे ब्राह्मण रांगेत उभे राहून नाचतात, गातात आणि त्यांच्या शरीरांचाच पडदा होतो. त्या पडद्याआड व्यभिचार होतो, छळ होतो. गरज पडली की भिंत पाठ फिरवते. घाशीरामला पोसते तीही हीच भिंत आणि दगड मारते तीही हीच.

याच पेशवाईतला दुसरा माणूस मराठी मनाने जपला आहे. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. राज्याचे सगळे व्यवहार त्या खुनाचा ठपका असलेल्या राघोबादादाच्या हाती जात असताना रामशास्त्री प्रभुण्यांनी त्याला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून पुणं सोडलं. खाडिलकरांनी 'भाऊबंदकी'त तो प्रसंग अमर केला. उज्जयिनीच्या न्यायाधीशाने मागे घेतलेला शब्द रामशास्त्र्यांनी मागे घेतला नाही. म्हणजे ते शक्य असतं. पदावर बसूनही शक्य असतं, पद गमावण्याची तयारी तेवढी हवी.

७

श्रोतेहो, अभिजात साहित्य आपल्याला राज्य कसं करावं हे शिकवत नाही. ते काम शास्त्रांचं आणि संविधानाचं आहे. साहित्य आपल्याला आपली जागा दाखवतं. आपल्यापैकी फार थोडे सिंहासनावर बसतील. पण आपण प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या सभेत बसतो: संस्थेच्या बैठकीत, कार्यालयात, सोसायटीत, घराच्या ओटीवरही. तिथे कुणी तरी मेहुणा येतो, आणि कुणी तरी द्रौपदी प्रश्न विचारते. त्या वेळी विषय किती सूक्ष्म आहे, आपल्याला पूर्ण माहिती नाही, हे आपलं खातं नाही, अशी उत्तरं लगेच सुचतात. भीष्मांना आणि विराटालाही हीच सुचली होती.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. हे ग्रंथ मुलांना शिकवताना शकुंतलेच्या पाठवणीबरोबर त्या कोळ्याचा प्रवेशही शिकवा. चारुदत्ताच्या औदार्याबरोबर स्थावरकाच्या बेड्याही दाखवा. नायकांची नावं पाठ करून घेताना, नाव नसलेल्या त्या नोकराबद्दल एक तास द्या. मुलांना असं कळू द्या की सत्तेपुढे नाही म्हणणारी माणसं दुर्मीळ असली तरी अलौकिक नव्हती. ती भ्यालेली होती, मार खाणारी होती, त्यांतली काही हरलीही.

आणि विदुराने सभेत सांगितलेली ती वाटणी आपल्या जवळ ठेवा. प्रमुखाचा अर्धा वाटा आपल्या हाती नाही, करणाऱ्याचा वाटाही नाही. गप्प बसणाऱ्यांचा चौथा हिस्सा मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे, आणि तो नाकारायला कुठलंही पद लागत नाही.